भारतीची झोप

११ फेब्रुवारी, मंगळवार

ही डायरी एका साड्यांच्या एजंटाने दुकानात दिली होती. सेठनी माझ्याकडे सरकवली. म्हणाले, "ले जा हेमराजभाऊ, तुले भुलायची बीमारी लागून राहिली. लिहत जा." खरंच विसरायला लागलो आहे. काल एका बाईंना मोरपंखी दाखवतो म्हणून उठलो, कपाटापाशी गेलो, आणि कशासाठी उठलो तेच आठवेना. परत येऊन डाळिंबी दाखवली. त्यांनी ती घेतली, हा भाग वेगळा.

तर लिहितो. हेमराज निमजे, वय चोपन्न, राहणार तांडापेठ. जरीपटक्यात ओमप्रकाशसेठच्या साडीच्या दुकानात गादीवर बसतो. आमच्या घराने पिढ्यान्‌पिढ्या लुगडी विणली, मी सुरतेच्या साड्या विकतो. बायको भारती, उमरेडची. मुलगी वैभवी पुण्यात बँकेत आहे. एवढं पुरे. चोराच्या हाती डायरी लागली तरी त्याला यापेक्षा जास्त काय करायचं आहे.

थकलो आहे. पहिल्या पानावर लिहायची ही गोष्ट नव्हे, पण खरं तेवढंच आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

लग्नसराई. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती आणि मला साडी उलगडता उलगडता पेंग आली. पदर माझ्या हातात, मान खाली. नवरीची मावशी म्हणाली, "यायले पह्यले चहा पाजा जी." सगळे हसले, मीही हसलो. सेठ मात्र हसले नाहीत. दुकान बंद करताना म्हणाले, "भाऊ, रात को झोपतोस की चौकीदारी करतोस?"

आता यांना काय सांगू. माझ्याइतका झोपणारा माणूस तांडापेठेत नसेल. उशीला डोकं टेकलं की डाराडूर. घोरणं असं की गल्लीतले लोक म्हणतात, हेमराज झोपला की कुत्र्यांना सुट्टी. आमचे बाबाही असेच घोरायचे. आई म्हणायची, ज्याचं पोट भरलं तो घोरतो. बाबा अठ्ठावन्नाव्या वर्षी झोपेतच गेले, कोणाला कळलंही नाही. सगळे म्हणाले, पुण्यवान माणसाचं मरण.

झोपेचा त्रास आहे तो भारतीला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

भारतीचं हे रोजचंच. रात्रीतून तिला जाग येते, मग ती मला हलवते. मी दचकून उठतो, विचारतो, "काय झालं वं?" ती म्हणते, "काही नाही जी, झोपा तुम्ही." आणि आम्ही दोघंही झोपतो. थोड्या वेळाने पुन्हा तेच. स्वतःला झोप नाही तर निदान दुसऱ्याला तरी झोपू द्यावं. पण बोलत नाही. तिच्या डोळ्यांखालची वर्तुळं पाहिली की बोलणं गिळतो.

तिला जायफळ घालून दूध दिलं, तळपायाला तेल लावून पाहिलं. देवळातल्या प्रयागबाईंनी सांगितलं म्हणून उशीखाली लोखंडाचा तुकडाही ठेवला. काही उपयोग नाही. काही लोकांच्या नशिबातच झोप नसते.

५ मार्च, बुधवार

दवाखान्यात गेलो होतो. बीपी पुन्हा वर. आधी एक गोळी होती, मग दोन झाल्या, आजपासून तीन. डॉक्टर म्हणाले मीठ कमी करा, पोट कमी करा, चालत जा. सकाळी उठल्यावर डोकं जड असतं, रात्री लघवीला तीनदा उठावं लागतं, हेही सांगितलं. त्यांनी शुगर तपासायला लावली. शुगर निघाली नाही. मग म्हणाले, वय आहे.

वय सगळ्यांनाच असतं. पण बाकीचे लोक बसल्या बसल्या झोपत नाहीत.

१७ मार्च, सोमवार

आज कमाल चौकात सिग्नलला गाडी उभी केली आणि हिरवा दिवा लागून गेल्यावर मागच्या ऑटोवाल्याने खांद्यावर थाप मारली. "काका, घर आलं नाही अजून." एवढ्या भोंग्यांत माझा डोळा लागला होता. पाय जमिनीवर होते म्हणून बरं.

भारतीला सांगितलं नाही. ती काळजी करील आणि आहे तीही झोप जाईल. भीती मात्र वाटली. हे इथे लिहितो, दुसरीकडे कुठे लिहू.

३० मार्च, रविवार. गुढीपाडवा

जुना कूलर नुसता पाणी ओकत होता. आज पाडव्याचा मुहूर्त साधून नवा आणला, चांगला मोठा, वाळ्याच्या ताट्यांचा. खिडकीला बसवला आणि सुरू केला तर भांडी थरथरायला लागली. भारती म्हणाली, "हे कूलर आहे का विमान?" पण वारा असा की चादर ओढावी लागली.

३१ मार्च, सोमवार

आश्चर्य. भारती सकाळपर्यंत झोपली. नळ आला तरी उठली नाही, मीच उठवलं. उठून थोडा वेळ नुसती बसून राहिली, जणू परगावी जाग आली. मग म्हणाली, "मले एकदाबी जाग नाही आली जी."

१२ एप्रिल, शनिवार

जे जायफळाने झालं नाही ते कूलरने केलं. भारती रोज झोपते आहे. चेहरा भरून आला, काल पोळ्या लाटताना गुणगुणत होती. शेजारच्या यमुताई म्हणाल्या, "भारती, माहेरी जाऊन आली का वं?" लग्नाला तीस वर्षं होतील. या बाईला मी कधी धड काही दिलं नाही, यंदा झोप आणून दिली. मनापासून बरं वाटलं.

मला आता रात्री कोणी हलवत नाही. सलग झोप होते. तरी सकाळी डोकं असं ठणकतं की दात घासताना भिंतीला हात लावून उभं राहावं लागतं. तोंड कोरडं पडतं. झोप जास्त होत असेल.

२४ एप्रिल, गुरुवार

सेठनी मला गादीवरून काढून मागे गोदामात बसवलं. साड्यांना चिठ्ठ्या लावायच्या. म्हणाले, "तकलीफ नको मानू, इथे आराम आहे." सत्तावीस वर्षं गादीवर बसलो. पदर एका हाताने असा फेकायचो की बाई साडी नेसल्यासारखी स्वतःकडे पाहायची. आता चिठ्ठ्या.

रागावलो नाही. रागवायलाही अंगात जोर लागतो. दुपारी गठ्ठ्याला टेकून झोपलो, कोणी उठवलंही नाही.

६ मे, मंगळवार

ऊन भयंकर. जिना चढताना मध्ये थांबावं लागलं. भारती म्हणाली, "तुमचा चेहरा सुजल्यावानी दिसून राहिला, डॉक्टरकडे चला." म्हटलं, लग्नाची गर्दी सरू दे. मी गोदामात आहे हे तिला अजून माहीत नाही.

१२ मे, सोमवार. रामदासपेठ, हॉस्पिटल

वैभवीने पिशवीतून ही डायरी आणून दिली. पडल्या पडल्या लिहितो.

गुरुवारी पहाटे गुदमरून जाग आली. छातीवर पाटा ठेवल्यासारखं झालं होतं. जबडा दुखत होता आणि कूलरसमोर झोपूनही बनियन घामाने चिंब. वाटलं, गॅस. आदल्या संध्याकाळी येताना आलूबोंडे खाल्ले होते. भारती शेजारी गाढ झोपलेली. तिला हलवावं म्हणून हात खांद्यापर्यंत नेला आणि मागे घेतला. इतक्या वर्षांनी ज्या माणसाला झोप लागली त्याला गॅससाठी कशाला उठवायचं.

समोरच्या खोलीत गेलो. तिथे पूर्वी माग होता, त्याचा खड्डा बुजवून फरशी घातली तरी आम्ही तिला मागाची खोलीच म्हणतो. ओवा चावला, पाणी प्यालो, भिंतीला टेकून बसलो. आता उतरेल, मग उतरेल. नळ आला तेव्हा भारती उठून आली आणि तिने मला पाहिलं. त्यानंतरचं तिचा चेहरा सोडून फारसं आठवत नाही.

हार्ट अटॅक होता. मोठी नळी बंद झाली होती, ती उघडून स्टेंट घातला. हार्टच्या डॉक्टरबाईंनी विचारलं, दुखायला लागल्यावर किती वेळ बसून राहिलात? मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, लगेच आला असतात तर हृदयाचा बराच भाग वाचला असता. आता त्याचं पंपिंग कमी झालं आहे, जपून राहावं लागेल.

भारतीने मला एकच विचारलं. "मले काहून नाही उठवलं?"

"तू झोपली होती न वं."

ती बाहेर निघून गेली. मी काय वाईट बोललो, कळलं नाही.

१४ मे, बुधवार. हॉस्पिटल

इथे झोपायचीही चोरी. डोळा लागला की उशाशी मशीन बोंबलतं आणि कौसल्या सिस्टर धावत येते. "काका, तुम्ही जागे असले की सगळं चांगलं राहते. झोपले की ऑक्सिजन खाली जाते. थोडे जागेच राहा न." म्हटलं, आयुष्यभर लोक मला जागं राहा म्हणत आले आहेत, तू तरी नको म्हणू.

तिने ते डॉक्टरबाईंना सांगितलं. बाईंनी माझी मान पाहिली, तोंड उघडायला लावलं. मग विचारलं, घोरता का? वैभवी म्हणाली, "मॅडम, बाबांचं घोरणं मला पुण्याला फोनवर ऐकू येतं." त्या हसल्या नाहीत. घरी गेल्यावर झोपेची तपासणी करा म्हणाल्या. दुखणं छातीचं आणि तपासणी झोपेची. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. पण हो म्हणालो.

१९ मे, सोमवार

शनिवारी घरी आलो. वैभवीला सुट्टी नव्हती, ती काल गेली. जाताना तिने माझ्या गोळ्यांचे डबे भरून ठेवले आणि आईला म्हणाली, "तू पण झोप गं." भारती नुसती हं म्हणाली.

दोन पायऱ्या चढलो तरी धाप लागते. गोळ्यांनी तोंडाची चव गेली. आजार येतो हत्तीच्या पावलांनी आणि जातो मुंगीच्या, हे म्हणणाऱ्याला आमच्या घरात आणून बसवलं पाहिजे, मुंगी तरी कुठे दिसते ते दाखवायला.

२५ मे, रविवार

आजपासून नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस. सूर्य डोक्यावर नाही, घरात आहे. आणि भारती रात्री कूलर लावू देत नाही. नुसता पंखा, तोही हळू. घरी आलो त्या दिवशी वाटलं विजेचा काही घोळ असेल. दुसऱ्या दिवशी मी उठून बटण दाबलं, तिने येऊन बंद केलं.

"काहून वं?"

"आवाज होते."

"मागच्या महिन्यात याच आवाजात तू झोपत होती."

"तवाचं तवा," म्हणाली आणि तोंड फिरवलं. तिच्या डोळ्यांखाली पुन्हा वर्तुळं आली आहेत. पुन्हा मला रात्री हलवते. पुन्हा तेच, "काही नाही जी, झोपा तुम्ही." एवढ्या हौसेने आणलेला कूलर, त्यावर ती आता धुतलेले कपडे ठेवते. माझ्यावरचा राग कूलरवर काढते आहे असं दिसतं. आजारी माणसाला नवतप्यात भाजून कसला राग निघतो देव जाणे. मन खट्टू झालं.

२८ मे, बुधवार

काल रात्री झोपेची तपासणी झाली. एक माणूस येऊन छातीला पट्टा, बोटाला चिमटा आणि नाकाला नळी लावून गेला. भारती म्हणाली, "नवरदेव दिसून राहिले." कितीतरी दिवसांनी तिने थट्टा केली.

३१ मे, शनिवार

रिपोर्ट घेऊन झोपेच्या डॉक्टरांकडे गेलो. असेही डॉक्टर असतात. त्यांनी जे सांगितलं ते समजलं तसं लिहितो. झोपलं की माझा गळा आतून मिटतो. छाती ओढते पण हवा आत जात नाही. त्या वेळी घोरणंही बंद. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू घाबरतो, हृदय जोरात धावायला लागतं, बीपी चढतं. मग झटका बसून गळा उघडतो आणि पुन्हा घोरणं सुरू. असं रात्रभर, शेकडो वेळा. मी झोपत नव्हतो, रात्रभर गळा दाबून घेत होतो. म्हणून दिवसा पेंग, सकाळची डोकेदुखी, रात्रीची लघवी, तीन गोळ्यांना न जुमानणारं बीपी. याला स्लीप ॲप्निया म्हणतात. अशा माणसांना हार्ट अटॅकचा धोका जास्त, आणि तो बऱ्याचदा रात्री किंवा पहाटे येतो.

मला बाबा आठवले. पुण्यवान मरण.

मग ते भारतीला म्हणाले, "ताई, यांचा श्वास थांबतो हे तुमच्या कधी लक्षात आलं होतं?"

"मले नाही मालूम जी. मी तं झोपून राहतो," भारती म्हणाली. मग पदर सावरत, "यायचं घोरणं थांबलं की मले जाग येते. मंग मी हलवतो. ते मोठा श्वास घेतात."

"घोरणं थांबलं की? लोकांना घोरण्याने जाग येते."

"आमच्या घरी माग होता न. बाबा रातचे विणत. त्या आवाजात आम्ही झोपून जाऊ. माग थांबला म्हणजे धागा तुटला. मंग मी उठाची, कंदील धराची, बाबा धागा सांधत. माग सुरू झाला की मी झोपाची."

डॉक्टर तिच्याकडे पाहतच राहिले. मला संकोच वाटला. तिच्या माहेरी माग होता हे मला माहीत होतं, कंदिलाचं माहीत नव्हतं, पण एवढं उमरेडचं पुराण डॉक्टरांना कशाला. मी विचारलं, मशीन लावलं की अटॅक येणार नाही ना? ते म्हणाले, "असं मी लिहून देणार नाही. हार्टच्या गोळ्या, चालणं, वजन, सगळं करायचंच आहे. पण तुमचं हृदय दुखावलेलं आहे. त्याला रोज रात्रभर पळवू नका, एवढं नक्की सांगतो."

२ जून, सोमवार

मशीन आलं. डबा लहान, आवाज नाहीच म्हणावा असा. त्यातून नळी निघते, तिच्या टोकाला मास्क, तो नाकावर बसवून डोक्यामागे पट्टे बांधायचे. हवा जोराने आत जाते आणि गळा मिटू देत नाही. आरशात पाहिलं तर गणपतीची सोंड. शेजारची पोरं खिडकीतून पाहतील म्हणून पडदा ओढला. मास्क लावून पडलो तर आणखीच गुदमरल्यासारखं झालं, दोनदा काढून फेकला. चोपन्न वर्षं देवाने दिलेल्या नाकाने श्वास घेतला, आता त्याला बाहेरून माणूस ठेवावा लागतो.

६ जून, शुक्रवार

आता जमायला लागलं. रात्री लावून झोपतो, कधी झोप लागते कळत नाही, आणि सकाळी उठतो तेव्हा मास्क तोंडावर असतो. डॉक्टर म्हणाले होते की सुरुवातीला लोक झोपेत काढून टाकतात. मी तसला नाही. सवय करून घेतली की माणूस काहीही करतो. भारतीला म्हटलं, "पाह्यलं? मास्क हललाबी नाही."

ती म्हणाली, "हो जी."

१० जून, मंगळवार

आज पहिल्यांदा वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं, मध्ये डोळा लागला नाही. डोकं दुखत नाही. लघवीला एकदाच उठलो. सेठचा फोन आला, "गादी खाली आहे हेमराजभाऊ, जल्दी ये." डोळ्यांत पाणी आलं. फोन होता म्हणून बरं.

भारतीचं मात्र ठीक नाही. दुपारी वरणात दोनदा मीठ घातलं. परवा गॅसवर दूध ठेवून समोर उभी होती आणि दूध उतू गेलं, तरी तिला दिसलं नाही. माझं दुखणं तिला लागलं की काय. विचारलं तर म्हणते गरमीने. गरमी होते तर कूलर लाव म्हटलं. नाही लावत.

१३ जून, शुक्रवार

झोपेच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. मशीन आत सगळं टिपून ठेवतं, हे मला माहीत नव्हतं. डॉक्टरांनी पडद्यावर पाहिलं आणि म्हणाले, "छान. मास्क तुम्ही झोपेत बऱ्याच वेळा काढता, पण प्रत्येक वेळी थोड्याच वेळात परत लावता. पहिल्या महिन्यात एवढं कोणी करत नाही."

मी म्हटलं, मी परत लावायला एकदाही उठलो नाही.

मी भारतीकडे पाहिलं. ती मांडीवरच्या पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत होती. मान वर न करता तिने विचारलं, "डॉक्टर, रातचा कूलर लावला तं चालंल का?"

"लावा की. कूलरचा काय संबंध?"

"आवाजात मले ऐकू नाही येत," ती म्हणाली. "तवा नाही आलं ऐकू. महिनाभर मी झोपून राहिली."

पाडव्यापासूनचा एक एक दिवस डोळ्यांपुढून गेला. मी नाचत होतो, बायकोला झोप आणून दिली म्हणून.

डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. म्हणाले, "ताई, नीट ऐका. नळी एका महिन्यात बंद होत नाही, वर्षानुवर्षं भरत येते. तुम्ही जाग्या असतात तरी हा अटॅक येऊ शकला असता. हलवणं हा उपचार नाही. आणि झोपणं हा गुन्हा नाही." भारतीने मान हलवली. तिला पटलं नाही हे मला दिसत होतं. मग ते माझ्याकडे वळले. मास्कचा धाक जावा म्हणून दिवसा जागेपणी तो लावून बसायला सांगितलं, रोज, काही तरी वाचत, लिहीत. आणि म्हणाले, "मास्क टिकवणं आता तुमचं काम. त्यांचं नाही."

घरी ऑटोने आलो. इंदोरा चौकाजवळ ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. मी खांदा हलू दिला नाही.

१५ जून, रविवार

दुपार आहे. मागाच्या खोलीत बसून लिहितो आहे. मास्क लावला आहे. पडदा ओढलेला नाही. मघाशी यमुताई पापड द्यायला दारात आल्या, थबकल्या, मग म्हणाल्या, "होऊन जाईल जी सवय." पोरं पाहत असतील तर पाहोत.

जेवण झाल्यावर भारतीला म्हटलं, आता तू पड. मी जागाच आहे, दिवस आहे, मास्क लावून बसतो. तुले ऐकाचं काही कारण नाही. आणि खिडकीतला कूलर, चाकांचा आहे म्हणून, हळूहळू ढकलत या खोलीच्या दाराशी आणला, त्यावरचे कपडे काढले, टाकीत पाणी भरलं आणि लावला. ती थोडा वेळ दारातून माझ्याकडे पाहत राहिली. मग फरशीवर सतरंजी टाकून इथेच आडवी झाली, जिथे पूर्वी माग होता तिथे. बोलता बोलता झोपली.

तीस वर्षं मी आधी झोपलो. ही झोपलेली कशी दिसते, ते आज उजेडात पाहिलं. हात छातीशी मुडपलेला, मनगटाची हाडं वर आलेली. केस इतके पांढरे कधी झाले, कळलं नाही. मास्कमधून हवा येत होती, मी लिहीत होतो आणि मधून मधून तिच्याकडे पाहत होतो. भारती घोरत नाही. श्वास इतका हलका की पदर हलतो की नाही हे कळेना. कूलरच्या आवाजात काही ऐकू येईना. पुन्हा पाहिलं. पदर हलत नव्हता. कूलरच्या वाऱ्याने कडा तेवढी फडफडत होती.

मी डायरी ठेवली. मास्क काढला, गुडघ्यांवर सरकत गेलो आणि तिच्या नाकापाशी हात धरला. काही कळेना. खांदा धरून हलवला.

तिने मोठा श्वास घेतला आणि डोळे उघडले. "काय झालं जी?"

माझं हृदय अर्धं राहिलं आहे, ते सगळं धडधडत होतं. म्हणालो, "काही नाही वं. झोप तू."

तिने माझ्याकडे पाहिलं. काय झालं ते तिला कळलं असावं, कारण ती थोडीशी हसली. मग कूस बदलून झोपली.

मी उठून कूलर बंद केला. खोली एकदम शांत झाली आणि मग ऐकू यायला लागलं, बारीक, एकसारखं. परत जागेवर येऊन बसलो, मास्क चढवला आणि मागचे पट्टे स्वतःच्या हाताने आवळले. खूप उकडतं आहे. ती उठेपर्यंत बसणार आहे.